खिडकीची मूठ

आज आपण एका लहानशा वस्तूविषयी वाचणार आहोत. ही वस्तू तुमच्या घरात आहे. दिवसातून चार-पाच वेळा तरी तुमचा हात तिला लागतो. पण तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. ती वस्तू म्हणजे खिडकीची मूठ. मूठ जागेवर असते तोवर तिची कोणाला आठवण होत नाही. ती निखळली, की मात्र घरातल्या प्रत्येकाला तिची आठवण होते.

आपल्या सोलापुरात तर खिडक्यांना फार काम असते. उन्हाळ्यात दुपारच्या झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि संध्याकाळी वारा यावा म्हणून त्या उघडाव्या लागतात. वळवाचा पाऊस येण्यापूर्वी धुळीचा लोट उठला, की सारे घर खिडक्यांकडे धावते. ज्या घरी विड्या वळण्याचे काम चालते, तेथे तंबाखूची धूळ बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी लागते. ज्या घरी माग चालतो, तेथे सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात; तेथेही खिडकी उघडी लागते. खिडकी अशी दिवसभर उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी ओढ बसते ती मुठीला.

काही वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातील खिडकीची मूठ निखळली. वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून आम्ही ती तारेने गजाला बांधून टाकली. “येत्या रविवारी बघू,” असे म्हणता म्हणता तीन महिने गेले. रमजानचा महिना होता. एके पहाटे सहरीची तयारी करण्यासाठी अम्मी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच तिने मला हाक मारली, “बेटा, गॅसचा वास येतो आहे!” मी धावत गेलो. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, एवढे मला ठाऊक होते. अंधारात चाचपडत मी रेग्युलेटर बंद केला आणि खिडकी उघडू लागलो. तारेला चार पीळ दिले होते आणि ते मीच दिले होते. काही केल्या ते सुटेनात. शेवटी अम्मीने मागचे दार उघडले आणि आम्ही सर्व जण बाहेर जाऊन उभे राहिलो. सुदैवाने काही वाईट घडले नाही; पण ती पाच मिनिटे मी आजही विसरलेलो नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळू लागला, की जमिनीलगत साठत जातो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. असा वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. कारण बटणातील छोटीशी ठिणगीसुद्धा आग लावू शकते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी घराबाहेर जावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. आता तुमच्या लक्षात येईल, की तारेने बांधलेली खिडकी ही भिंतीसारखीच असते. वेळेवर उघडत नाही ती खिडकी कसली?

त्याच दिवशी दुपारी मी नवी मूठ बसवली. त्या कामाला एक तासही लागला नाही. एका तासाचे काम आम्ही तीन महिने लांबवले होते. तुमच्याकडून असे होऊ नये म्हणून हे काम कसे करायचे ते सांगतो.

प्रथम खिडकीचे भाग ओळखून घेऊ. भिंतीत पक्की बसवलेली असते ती चौकट. चौकटीत उघडते आणि मिटते ती झडप. झडपेत बसवलेली काच म्हणजे तावदान. झडप जिच्यावर फिरते ती बिजागरी. झडप बंद ठेवते ती कडी आणि कडी ज्यात अडकते तो कोयंडा. झडप धरून ओढण्यासाठी असते ती मूठ.

तुम्ही घरी उर्दू बोलता, म्हणून दोन शब्दांविषयी तुम्हांला सावध करतो. उर्दूत मुठीला ‘दस्ता’ म्हणतात. मराठीत मात्र दस्ता म्हणजे चोवीस कागदांचा गठ्ठा. दुकानात जाऊन दस्ता मागाल, तर दुकानदार तुम्हांला वह्या-कागदांच्या दुकानाची वाट दाखवील! तसेच उर्दूत बिजागरीला ‘क़ब्ज़ा’ म्हणतात. मराठीत कब्जा म्हणजे ताबा. बाकी पुष्कळ शब्द मात्र दोन्ही भाषांना जवळचे आहेत. पेच, कारागीर आणि दुरुस्ती हे शब्द फारसीतून मराठीत आले. तावदान हाही मूळचा फारसी शब्द. उर्दूतील ‘औज़ार’ मराठीत अवजार झाले आणि अरबी ‘क़ुफ़्ल’चे कुलूप झाले. चावी आणि बिजागरी हे शब्द तर पोर्तुगीज भाषेतून आले. एका खिडकीभोवती किती भाषा एकत्र आल्या आहेत पाहा!

आता मुठीकडे वळू. मूठ नेहमी बिजागरीपासून दूर, झडपेच्या दुसऱ्या कडेला असते. असे का? तुमच्या वर्गाचे दार बिजागरीजवळ बोट ठेवून ढकलून पाहा. ते सहजासहजी हलणार नाही. तेच दार दुसऱ्या कडेला धरून ढकला. ते एका बोटाने हलेल. समजा, बिजागरीपासून ४० सेंटीमीटर अंतरावर झडप धरून ओढली. तीच झडप १० सेंटीमीटरवर धरून ओढायची असेल, तर चौपट जोर लावावा लागेल. विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा धडा आहे. हे तेच तत्त्व.

हा सगळा जोर मुठीच्या दोन-चार स्क्रूंवर येतो. स्क्रूला आटे असतात. ते लाकडाच्या तंतूंत रुततात, म्हणून स्क्रू बाहेर येत नाही. पण झडपेला वारंवार हिसका बसला, तर तंतू तुटू लागतात आणि भोक सैल होते. सैल भोकात पावसाचे पाणी शिरते. लोखंडी स्क्रू गंजतो, भोवतालचे लाकूड मऊ पडते आणि एक दिवस मूठ हातात येते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नवी मूठ आणण्याआधी जुनी का निखळली ते शोधा. कारण न शोधता नवी मूठ बसवली, तर थोड्याच दिवसांत तीही निखळेल. कारणे बहुधा तीन असतात. पहिले कारण म्हणजे मूठच मोडलेली किंवा गंजलेली असते. दुसरे कारण म्हणजे मूठ चांगली असते; पण स्क्रूची भोके सैल झालेली असतात. अशा वेळी नवी मूठ विकत घेण्याची गरजच नसते. तिसरे कारण म्हणजे झडप चौकटीत अडकते, म्हणून आपण ती हिसका देऊन ओढतो. येथे दोष झडपेचा असतो. शिक्षा मात्र मुठीला होते.

झडप कोठे अडकते हे खडूने शोधता येते. झडपेच्या कडेला खडू फासा. मग झडप लावा आणि पुन्हा उघडा. चौकटीवर जेथे खडूची खूण उमटेल, तेथे लाकूड घासते असे समजा. त्यानंतर झडपेची मोकळी बाजू हाताने किंचित वर उचलून पाहा. ती वरखाली हलत असेल, तर बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत. आधी ते घट्ट करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

पावसाळ्यात लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते आणि फुगते. ते लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. म्हणून उन्हाळ्यात सहज लागणारी झडप ऑगस्टमध्ये अडकते. अशा वेळी घाई करून रंधा मारू नये. पावसाळ्यात तासलेली झडप उन्हाळ्यात सुकून आक्रसते आणि मोठी फट पडते. मग त्याच फटीतून धूळ घरात येते. घासणाऱ्या जागेवर मेणबत्ती किंवा साबणाची वडी चोळावी. कोरड्या दिवसांतही झडप अडकत राहिली, तरच सुताराकडून ती थोडी तासून घ्यावी.

मूठच बदलायची असे ठरले, तर पुढचे काम माप घेण्याचे. मुठीच्या दोन्ही टोकांना स्क्रूची भोके असतात. मुठीची पूर्ण लांबी मोजून उपयोग नाही. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर हवे. भोकाचा मध्य नेमका सापडत नसेल, तर एक सोपी युक्ती करा. दोन्ही भोके सारख्या आकाराची असतील, तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. ते अंतर तेवढेच भरते.

जुन्या मुठी इंचांच्या मापाच्या असतात, तर नव्या मुठी पुष्कळदा मिलिमीटरच्या मापाच्या असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. कपाटाच्या दाराला लावतात त्या मुठी बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटरच्या असतात. चार इंचांच्या जागी ९६ मिलिमीटरची मूठ आणाल, तर दिसायला ती सारखीच दिसेल. पण भोके जुळणार नाहीत. सर्वांत चांगला उपाय म्हणजे जुनी मूठ आणि तिचा एक स्क्रू पिशवीत घालून दुकानात न्यावा. बोलण्यापेक्षा नमुना अधिक बोलतो.

मूठ कोणत्या धातूची घ्यावी? लोखंडी मूठ स्वस्त आणि मजबूत असते. पण रंग उडाला की ती गंजते. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण आहे. ते काळवंडते, पण लोखंडासारखे गंजत नाही. ॲल्युमिनिअमची मूठ हलकी असते. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमिअम असते, त्यामुळे त्यालाही सहसा गंज चढत नाही. मूठ ज्या धातूची, स्क्रू शक्यतो त्याच धातूचे घ्यावेत. पितळी मुठीला लोखंडी स्क्रू लावला आणि त्यावर ओल आली, तर लोखंड अधिक लवकर गंजते. स्क्रूची लांबी झडपेच्या जाडीपेक्षा कमी असावी. नाहीतर त्याचे टोक पलीकडे बाहेर येईल आणि कोणाच्या तरी हाताला लागेल.

या कामाला अवजारे थोडीच लागतात. एक पेचकस, म्हणजेच स्क्रू ड्रायव्हर, एक लहान हातोडी, एक खिळा, मोजपट्टी, पेन्सिल, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सुताराचा पांढरा गोंद एवढे पुरे. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, म्हणजे पडलेला स्क्रू हरवणार नाही. काम चालू असताना झडप हलू नये म्हणून तिच्याखाली लाकडाची पाचर सारा किंवा घरातील कोणाला तरी ती धरायला सांगा.

आता जुना स्क्रू काढू. स्क्रूच्या डोक्यावरील खाचेत रंग भरलेला असेल, तर तो खिळ्याच्या टोकाने कोरून काढा. पेचकस खाचेत बरोबर बसेल असाच घ्या. लहान पेचकसाने खाच झिजते. पेचकस सरळ धरा, दाबा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवा. स्क्रू हलत नसेल, तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. मग तो आधी किंचित आवळा आणि नंतर सैल करा. आवळल्यामुळे गंजाची पकड सुटते. खाच झिजली असेल, तर सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा खाचेवर ठेवून त्यावर पेचकस दाबा. रबरामुळे पेचकस घसरत नाही.

जुने भोक सैल झाले असेल, तर ते भरून काढावे लागते. आगकाड्यांची गुले तोडून टाका. उरलेल्या काड्यांना गोंद लावून त्या भोकात घट्ट बसवा. बाहेर आलेली टोके कापून घ्या आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी पॉलिश पेपरने ती जागा साफ करा. आता स्क्रूला धरायला नवे लाकूड मिळाले. घाई करून ओल्या गोंदात स्क्रू पिळलात, तर सगळा खटाटोप वाया जाईल.

नवी मूठ जागेवर धरा. ती सरळ आहे ना, हे दोन पावले मागे सरकून पाहा किंवा दुसऱ्याला पाहायला सांगा. पेन्सिलीने भोकांच्या खुणा करा. प्रत्येक खुणेवर खिळा ठेवून हातोडीने हलकेच ठोका आणि खिळा काढून घ्या. त्या लहान भोकामुळे स्क्रू सरळ जातो आणि लाकूड चिरत नाही. स्क्रूच्या आट्यांना थोडा साबण चोळा, म्हणजे तो सहज आत जाईल. सर्व स्क्रू आधी अर्धे-अर्धे बसवा आणि मग एकेक घट्ट करा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला, तर दुसरे भोक सरकते. स्क्रू घट्ट बसला, की थांबा. आणखी जोर लावलात, तर तुम्हीच लाकडाचे तंतू तोडाल.

सगळ्याच खिडक्या लाकडी नसतात. लोखंडी खिडकीला फिरवण्याची मूठ असते. ती डावी किंवा उजवी असते, म्हणून नमुना नेल्याशिवाय विकत घेऊ नये. प्लॅस्टिकच्या नव्या खिडक्यांच्या मुठीला आत चौकोनी दांडी असते. ती बहुधा ७ मिलिमीटरची असते आणि दोन स्क्रूंमधील अंतर बहुधा ४३ मिलिमीटर असते. दांडीची लांबीही जुन्याइतकीच हवी. ॲल्युमिनिअमच्या सरकत्या खिडकीची झडप मात्र कधीही स्वतः उचलून काढू नका. ती जड असते, हातातून निसटते आणि काच फुटते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

आणखी काही सूचना नीट वाचा. वरच्या मजल्यावरील खिडकीचे काम मोठ्या माणसाशिवाय करू नका. खिडकीबाहेर वाकू नका. तडकलेल्या तावदानाला हात लावू नका. विजेच्या यंत्राने भोक पाडायचे असेल, तर ते मोठ्यांना करू द्या. गंजलेल्या खिळ्याने किंवा स्क्रूने जखम झाली, तर ती साबणाने धुवा आणि लपवून न ठेवता डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस हवी की नाही ते डॉक्टर सांगतील.

काम झाले, की एक परीक्षा घ्या. घरातील सर्वांत लहान शाळकरी मुलाला आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ती खिडकी उघडायला सांगा. दोघांनाही ती एका हाताने, हिसका न देता उघडता आली, तर तुमचे काम चांगले झाले असे समजा. आमच्या घरी ही परीक्षा अम्मीने घेतली. तिने झडप दोनदा उघडली, दोनदा लावली आणि म्हणाली, “आता तार टाकून दे.”

मित्रांनो, भाड्याच्या खोलीत राहणारी माणसे अनेकदा म्हणतात, “घरमालक करील दुरुस्ती.” पण सोलापुरातील हजारो कष्टकरी कुटुंबे आता स्वतःच्या घरात राहायला गेली आहेत. सोलापूरजवळ कुंभारी येथे २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली. तेथेच रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरे कामगारांना देण्यात आली. अशा घरांसाठी विड्या वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या आणि फेरी करणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. एवढ्या कष्टाने मिळालेल्या घराची खिडकी तारेने बांधून ठेवायची का? घराचा कब्जा मिळाला, की त्याच्या बिजागऱ्या आणि मुठीही आपल्याच झाल्या. त्यांची काळजी घेणे हेही घर मिळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातील प्रत्येक खिडकी एकदा उघडून आणि लावून पाहा. कोणती मूठ हलते, कोणती झडप अडकते आणि कोठे तार किंवा दोरी बांधली आहे, हे वहीत लिहा. मग अब्बांना किंवा अम्मींना ती यादी दाखवा आणि विचारा, “यांतली पहिली खिडकी या रविवारी दुरुस्त करूया का?” आणि तो रविवार मात्र पुढे ढकलू नका.